माझा नंबर येईल तेव्हा

प्रिय आई,

सलाम. माझी तब्येत बरी आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं घाईघाईने चाळत ‘हिला नक्की काय झालंय’ ते तू शोधत बसणार नाहीस. खोकला गेला. केस गळतात, पण ते तुझेही गळायचे, तेव्हा त्याचा दोष परदेशाला द्यायला नको. परवा फोनवर तू विचारलंस, तीन वर्षांची मुदत संपत आली, आता येतेस ना, आणि मी ‘बघते’ म्हणाले. आपल्या घरात ‘बघते’चा अर्थ काय होतो ते तुला ठाऊक आहे. दादा अभ्यास करायचं ‘बघतो’ म्हणायचा. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं, तू पुढे काहीच विचारलं नाहीस म्हणून जास्तच. त्याआधी बाबा मागून मोठ्याने सांगत होते की चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी एक रविवार राखून ठेवलाय, उपासनेनंतर सगळ्यांना चहा आहे, आणि मी पुढे उभं राहून इथल्या सेवेची साक्ष द्यायची आहे. माझं ‘बघते’ त्यावर निघालं, तुझ्या प्रश्नावर नव्हे. तेव्हाच ते सांगायला हवं होतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. या पाकिटावर मी फक्त तुझं नाव घातलंय.

मिशनरी म्हटलं की आपल्या मंडळीतल्या बायकांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, याचा मी कधीकधी विचार करते. झाडाखाली जमलेली माणसं, मधोमध मी, हातात पवित्र शास्त्र. आई, इथे माझ्या हातात शास्त्रापेक्षा नेलकटर जास्त वेळ असतं. सकाळी मी आणि नर्स अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातो. नर्स म्हणजे माझ्याच खोलीत राहणारी, तीही परदेशातूनच आलेली. ती पट्ट्या बदलते, औषधं बघते. मी अंग पुसते, नखं कापते, केस विंचरते, भरवते, आणि कुणी म्हटलं तर प्रार्थना करते. बहुतेक जण म्हणत नाहीत. ते म्हणतात, उशी जरा वर घे. संध्याकाळी केंद्रात येऊन खुर्च्या मांडायच्या, सगळे गेले की त्या पुन्हा एकावर एक रचायच्या. आमचं केंद्र एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे, मागे आमची खोलीही तिथेच, त्यामुळे जमीन कायम कोमट असते आणि सगळ्या प्रार्थनांना साबणाचा वास येतो. नर्स म्हणते, आपल्याइतके शुद्ध दुसरे कोणी नसतील.

थकलेय मी, आई. झोपून उठले तरी थकवा तसाच असतो, वाळत घातलेला कपडा संध्याकाळी पुन्हा ओलाच काढावा तसा. पण ते पुढे सांगते, नाहीतर तू इथेच वाचायचं थांबवून बाबांना हाक मारशील.

आधी तुझ्या डब्यांचं सांगते. पहिल्या वर्षी तू हळद, मोहरी, हिंग, जिरं पाठवलंस ना, प्रत्येक डबीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावून. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकले ती अशाच चिठ्ठ्यांवरून. मला कडेवर घेऊन तू स्वयंपाकघरातल्या फळीसमोर उभी राहायचीस आणि एकेका डब्यावर माझं बोट टेकवायचीस. इथे त्या डब्या खिडकीत एका ओळीत मांडल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी या खोलीत राहते. तोवर मी तिथे फक्त झोपत होते. त्या दिवशी गुरुवार होता, प्रार्थनासभेचा दिवस. सभेच्या आधी मी वरण लावलं आणि वरून फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला, थोडा धूर झाला. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि खालची लाँड्रीवाली दारात उभी, हातात पाण्याने भरलेली बादली. तुझ्याहून वयाने मोठी बाई, आडव्या बांध्याची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काय पेटलंय, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, जेवण. तिने बादली खाली ठेवली, पातेल्यात डोकावली आणि खुर्ची ओढून बसलीच. खाऊन झाल्यावर म्हणाली, मीठ कमी आहे. पुढच्या गुरुवारी येताना स्वतःचा चमचा घेऊन आली.

मग तिच्याकडे इस्त्री करणाऱ्या दोघी यायला लागल्या. मग एक बसड्रायव्हर, ज्यांची पाळी कोपऱ्यावरच्या थांब्याला संपते. आम्ही ज्यांच्याकडे जातो त्यांच्यातल्या कुणाची मुलगी, कुणाचा जावई. मी मोठं पातेलं घेतलं. आधी जेवण, मग गाणं, मग शास्त्रातलं वचन. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या प्रमुख, इतक्या खूश झाल्या की त्यांनी पडदे धुवायला टाकले. मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि बाबांनी पुढच्याच रविवारी वेदीवरून सांगितलं, की आमच्या लेकीच्या हातून तिकडे मंडळी वाढते आहे. दादाने मला कळवलं, तुझ्यामुळे बाबांचा उपदेश लांबला, जेवायला उशीर झाला.

आणि तिथून माझं सुरू झालं. तू मला ओळखतेस. दानपेटीत नाणं टाकताना आवाज झाला तर तो मी मुद्दाम केला का, यावर आठवडाभर झुरणारी मुलगी मी. मला वाटायला लागलं, ही माणसं वचनासाठी येतात की वरणासाठी? वरणासाठी येत असतील तर मंडळी वाढते आहे असं सांगणं खरं आहे का? मग एका गुरुवारी मी शेगडी पेटवलीच नाही. कुणाला काही बोलले नाही. चहा आणि बिस्किटं ठेवली. नर्स म्हणाली, परीक्षा नेमकी कुणाची घेते आहेस, त्यांची की देवाची? मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, मग बिस्किटं तरी बरी आणायचीस.

सगळे आले. गार शेगडीकडे बघितलं, चहा प्यायले, गायले, गेले. पुढच्या गुरुवारी थोडे कमी आले, आणि मला वाटलं, बघ, निघालं ना खरं. तेवढ्यात लाँड्रीवाली वर आली. हातात झाकलेलं भांडं, त्यात गरम सूप. ते तिने माझ्यासमोर ठेवलं आणि मी संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी विचारलं, तुम्ही सगळे नाही खाणार? तर म्हणाली, आम्हाला घरी मिळतं. तुझ्या त्या पिवळ्या पाण्यात काय एवढं आहे, की त्यासाठी मी गुडघे दुखत असताना जिना चढावा? इतर दिवशी तू उभ्या उभ्याच बिस्किटं खातेस. खाली मला खुर्ची सरकवल्याचा आवाज येत नाही. माणसं असली की तू बसून जेवतेस, म्हणून आम्ही येतो. ते ड्रायव्हर मान हलवत होते. इस्त्रीवाल्या दोघी हसत होत्या. त्यांचं आपापसांत ठरलेलं होतं, आई. मी त्यांची काळजी घेते असं मी घरी सांगत होते, आणि माझं ताट रिकामं झालं का ते बघून ते लोक घरी जात होते.

याचा मला आनंद व्हायला हवा होता. नंतर झालाही, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मी पुन्हा वरण लावायला लागले. पण त्या दिवशी सूप पिता पिता मला रडू आलं, आणि ते कशाचं ते मला सांगता येईना. नर्सने ओळखलं. ती म्हणाली, तू दमली आहेस, त्याला दुसरं नाव शोधू नकोस.

आता साक्षीचं. आमच्या सभेत शेवटी प्रत्येकाने उभं राहून या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते एका वाक्यात सांगायचं असतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. आपल्याकडे रोज तेच होतं ना. बाहेरच्या खोलीत ताटं मांडलेली, आणि जेवायच्या आधी बाबा सगळ्यांना नंबराने उपकारस्तुती करायला लावायचे. एकेकाने आभाराची एक गोष्ट सांगायची, कालची आज चालणार नाही. दादा म्हणायचा, प्रभू, भेंडी संपली म्हणून तुझे आभार, आणि बाबा हसू दाबत त्याला पुन्हा सांगायला लावायचे. मी दुपारपासून शोधत असायचे. काल सायलीला फूल आलं ते सांगून झालं, आज काय? कुठल्याही शाळेच्या आधी मी हे शिकले, की दिवस कसाही गेला तरी त्यात काहीतरी सापडतंच. ते शिक्षण वाईट नव्हतं. इथे मला त्याच्यावरच दिवस काढता आले.

गेल्या महिन्यात आमच्या अंथरुणाला खिळलेल्यांपैकी एक म्हातारे शिक्षक गेले. मी त्यांना रोज सकाळी भरवत होते. त्यांनी कधी प्रार्थना करू दिली नाही, पण मी निघाले की ते दाराकडे बघत राहायचे. ते गेले त्या आठवड्यातल्या गुरुवारी माझा नंबर आला, मी उभी राहिले, आणि माझ्याजवळ काही नव्हतं. शोधलं असतं तर सापडलं असतं. ऊन पडलं होतं, बस वेळेवर आली होती. पण ते म्हटलं असतं तर मी खोटं बोलले असते. मी म्हटलं, या आठवड्यात माझ्याजवळ काही नाही. मोठ्या बाई आपल्या हातांकडे बघायला लागल्या. खालच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग लाँड्रीवाली म्हणाली, बरं, बस मग. आणि माझ्या खुर्चीवर ठेवलेली तिची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली. माझ्यानंतर ड्रायव्हर उभे राहिले आणि बसला नवीन टायर मिळाले म्हणून त्यांनी आभार मानले, नर्सला हसू आलं, आणि सभा पुढे गेली. आकाश कोसळलं नाही.

मी बसले, आणि मला तू दिसलीस. बाबांनंतर तुझा नंबर असायचा. दरवेळी तुझा नंबर आला की तू उठायचीस. तव्यावरचं करपेल, दूध उतू जाईल, मीठ आत राहिलं. बाबा क्षणभर थांबायचे, मग दादाकडे वळायचे. सगळ्यांचं झालं, आमेन झालं, की तू पदराला हात पुसत बाहेर यायचीस आणि आधी मला वाढायचीस. आम्हाला वाटायचं, आईला कामातून सवड नाही. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून एकदाही आम्ही उपकारस्तुती ऐकली नाही, आणि दूध उतू गेलेलंही मला आठवत नाही. मी याचं कारण विचारत नाही. तू सांगावंस असंही नाही. त्या खुर्चीवर बसल्यावर मला एवढंच वाटलं, की रोज माझ्या शेजारून कुणीतरी उठून आत जात होतं, आणि मी माझ्या वाक्याची जुळवाजुळव करत होते.

मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुदत वाढवून देता येईल, पण दमलेल्या माणसाने तो निर्णय इथे बसून करू नये. घरी जा, झोप, खा, मग कळव. त्या चांगल्या आहेत. लाँड्रीवालीने माझ्या डब्या खाली नेऊन ठेवायचं कबूल केलंय. चिठ्ठ्या काढू नका एवढंच मी तिला सांगितलं. मी परत इथे येईन की नाही, मला खरंच माहीत नाही. एक मात्र नीट समजून घे, नाहीतर बाबा घाबरतील: माझा विश्वास गेलेला नाही. मी रोज सकाळी प्रार्थना करते. फक्त उभं राहून सांगण्यासारखं आज माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

तर आई, मी येते आहे. ते सांगायला हे पत्र नव्हतं, तेवढं फोनवरही सांगता आलं असतं. त्या रविवारचं तू बाबांना तुझ्या पद्धतीने सांग, त्यांचा चहा झाल्यावर. मी चर्चला येईन, शेवटच्या बाकावर तुझ्याजवळ बसेन, सगळ्यांना भेटेन, चहाचे कपही विसळेन, पण पुढे उभी राहणार नाही. बाबांना वाईट वाटेल. मग माझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करायला घेतील, मला माहीत आहे. आणि घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आपण जेवायला बसू. बाबांचं होईल, तू उठून आत जाशील, दादाचं होईल, आणि सगळे माझ्याकडे बघतील. तेव्हा तू मला आतून हाक मार. काहीही सांग. मीठ सापडत नाही म्हण. मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला ठाऊक आहे, तरी मी उठून आत येईन, आणि बाहेर आमेन होईपर्यंत आपण दोघी आतच थांबू.

तुझीच,
शेंडेफळ