धुलाईखात्यातले गमबूट

४ फेब्रुवारी १९५६
अंबरनाथला सुखरूप पोचलो. लेक बकुळाने चाळीतली खिडकीजवळची जागा मला दिली. कापड रंगवायच्या कारखान्यात धुलाईला लागलो. दिवसभर पाण्यात उभे राहायचे, म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट मिळाले. साठ वर्षे चामटोलीच्या बांधांवर अनवाणी हिंडलो. आज बूट घालून आरशापुढे उभा राहिलो. बकुळा म्हणाली, आबा, साहेबच झालात.

११ फेब्रुवारी
बूट माझ्या एकट्याचे नाहीत, आता घरीही आणू देत नाहीत. दुपारी मी सुटलो की दुसऱ्या पाळीचा जनू तेच चढवतो. सकाळी आत ओल असते, कुबट वास येतो. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आहे.

१९ फेब्रुवारी
कातडी पांढरी पडून सोलते आहे. डॉक्टरांनी चिखल्या सांगितल्या. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसा, मलम लावा, खाज थांबली तरी सोडू नका, पायांना हवा लागू द्या आणि दुसऱ्याचे बूट घालू नका. मुकादमाकडे वेगळी जोडी मागितली तर म्हणाला, म्हातारबा, लग्नात सासऱ्याकडे मागायची राहून गेली का? सगळे फिदीफिदी हसले. अंगाची आग झाली.

२३ फेब्रुवारी
ठरवले. बूट काढायचेच नाहीत. जनूला मिळाले नाहीत म्हणजे ते दुसऱ्याचे राहिले नाहीत. घालूनच घरी आलो, घालूनच झोपलो. जनू शिव्या देत दारापर्यंत आला, त्याला हाकलला. बकुळा म्हणते, मलमापुरते तरी काढा. काढले की नेलेच त्या चोराने. मलम राहू दे.

२७ फेब्रुवारी
खाज थांबली. डॉक्टरला काय कळते? पण आत बोटे हलतात. मी हलवत नसताना. मोजली. पाचांहून जास्त आहेत.

१ मार्च
बकुळाने ओढून पाहिले. निघत नाहीत. जनू आला, बूट नकोत म्हणाला, तोही ओढू लागला. मी किंचाळलो. चिमटा रबराला बसला आणि कळ मला—

२ मार्च
कोयत्याने कड कापली. रक्त आले. रबरातून. बकुळा डॉक्टरांना आणायला धावली आहे.
एक जोडी जास्त दिली असती तर मेल्यांचे काय जात होते—
काळी कड काल गुडघ्याखाली होती. आता मांडीवर आहे. चाचपत वर जातो आहे, माझे कातडे कुठे लागते ते बघायला. कंबर गार. गुळगुळीत. छातीही—
लेखणी धरलेला हात आता