ताईचा थर

ती. आईस,
धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उजेडाची आहे, शेजारीण जीव लावते. काम करताना मान अवघडते, पण काळजीचं काही नाही. तुझे गुडघे काय म्हणतात?

तू तुझा नि ताईचा फोटो पाठवलास ना, त्यावरून टॅबलेटवर चित्र काढतेय. यात माणसं वेगवेगळ्या थरांवर रंगवतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. एका थरावर तू, दुसऱ्यावर ताई. आधी रेघा, मग अंगाचा रंग, डोळे शेवटी. ताईचं नाक जरा मोठं आलंय. राहू दे.

काल मी ताईचा थर लपवला. म्हटलं, चित्रात तरी आई माझ्या एकटीची. पण तू हसून कुणाकडे बघतेयस, तेच कळेना. मग तिच्या जागी स्वतःला काढून पाहिलं. तुझी नजर माझ्या डोक्यावरून गेली. ताई उंच ना.

तिला परत आणलंय. चित्र झालं की पाठवते.

तू माझ्याकडे असं बघतेयस, असा एखादा फोटो घरात सापडला तर पाठव. नाही सापडला, तर कळवू नकोस.

तुझीच,
धाकटी