न तापवलेलं दूध

आई,

तू गेल्यावर तुझ्यावर काही ढकलणं सोपं झालं आहे, म्हणून आधी तेच लिहिते. गोरेगावच्या घरी तू शेजारणीच्या मुलालाही माझ्याबरोबर अंगावर पाजलंस, हे मी लहानपणापासून ऐकत आले. "तिले तापानं उठवत नव्हतं, लेकरू रडून राहिलं होतं. मी का पाहत बसू? एक इकडं, एक तिकडं, बैलजोडीच होती माही." हे सांगताना तू हसायचीस आणि मला तुझा अभिमान वाटायचा.

मी नर्स झालेली तू पाहिलीस. कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षात आले ते तू गेल्यानंतर. इथे एकीचं दूध दुसरीच्या बाळाला द्यायचं तर आधी ते मशीनमध्ये अर्धा तास तापवावंच लागतं. दुधातून एक विषाणू येऊ शकतो. धडधाकट आईला त्याचा पत्ताही नसतो, भरल्या दिवसांच्या बाळाला सहसा काही होत नाही, पण किलोभराचं बाळ त्यानं आजारी पडू शकतं. हे मी नव्या मुलींना शिकवते.

त्या दुपारी दरेकसा गावाहून आलेल्या एका बाळाच्या आईला दूध उतरलेलं नाही आणि फ्रिजमधलं तापवलेलं दूध संपलं आहे. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं आपलं थोडं काढून दिलं आहे. बाळाची आजी दारातून म्हणते, "काऊन उशीर करून राहिल्या, सिस्टरबाई? दूध तं हातातच आहे तुमच्या." मी मशीनकडे बघते आणि ते दूध तसंच नळीवाटे बाळाला देते. वहीत लिहिते, तापवलेलं.

काही आठवड्यांनी बाळ मलूल पडलं आणि तपासणीत तोच विषाणू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं दूध तापवूनच दिलं होतं ना?" मी हो म्हणाले. "मग आईच्याच दुधातून आला असेल. तिचा काही दोष नाही यात." तोवर बाळाच्या आईला दूध उतरलं होतं. ती समोरच उभी होती. तिनं पदर छातीवर ओढून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध काढायला आलीच नाही. बाळ वाचलं, डब्याच्या दुधावर घरी गेलं. जाताना आजीनं माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आले की त्या क्षणी मला तू आठवलीस, तुझी बैलजोडी आठवली. पण तू तर दूध तापेपर्यंत चुलीपासून हलायची नाहीस. एकदा मी दारात बोलत राहिले आणि दूध उतू गेलं, तेव्हा म्हणालीस, "एवढा वेळही उभं राहवत नाही तुले?"

खरं म्हणजे, आई, त्या दुपारी तू मला आठवलीच नव्हतीस. दोन वाजून गेले होते, मला भूक लागली होती, आणि माझा डबा उघडून ठेवलेला होता.