दोघांची गाडी आणि वरवंटा

आत्याबाई, आज सकाळी तुमच्यावर रागावले आणि दुपारी लिहायला बसले. कॅलेंडरची जुनी पानं मी टाकत नाही, पाठीमागून कोरी असतात. रागाचं कारण आपली बाबागाडी. खालच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय, नांदेडकडचं. नवरा कंपनीत शिफ्टला, बाईच्या पदरात दोन लहान लेकरं. "काकू, तुमच्या माळ्यावर दोघांची गाडी आहे म्हणे, मला देता का?" म्हणून विचारायला आली. मी काढून, पुसून दिली. ती हरखून रिकामी गाडी गॅलरीतून ढकलत निघाली आणि मी "थांब!" म्हणून अशी ओरडले की शेजारची दारं उघडली. ती बिचारी जागच्या जागी थिजली. मीसुद्धा. आवाज थेट तुमचा होता. सासू म्हणून होतात तेव्हा मला चारचौघांत बोलायला लावायचात, आता जाऊन इतकी वर्षं झाली तरी लावताच.

तुम्हाला तो बाजाराचा दिवस आठवतो का? थोरलीला तीन वर्षं पुरी झाली नव्हती. ताप येऊन गेला आणि तिचा डावा पाय लुळा पडला. बाळ अजून अंगावर पीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज आणा, शेक देऊ, व्यायाम करून घेऊ, पायात जोर येईल की नाही ते आज सांगता येत नाही. दवाखाना रेल्वेच्या फाटकापलीकडे. थोरली एका कडेवर, बाळ दुसऱ्या, आणि मी वाटेत जागोजागी टेकत जायची. पोचेपर्यंत डॉक्टर उठलेले असायचे. असे किती दिवस वाया गेले. शेवटी ह्यांनी सांगितलं, "गाडी घ्या. कुठली ते तुम्ही दोघी ठरवा," आणि डबा उचलून पहिल्या शिफ्टला निघून गेले. ठरवायचं काम नेहमी असं आपल्यावर टाकून जायचे.

बाळाला शेजारी ठेवून आपण पिंपरीच्या बाजारात गेलो. थोरली तुमच्या कडेवर आणि खांद्याला पिशवी, तीत आपला वरवंटा. मला वाटेत वजन जाणवलं तेव्हा विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "रिकामा पाळणा हालवू न्हाई. गाडी बी पाळणाच हाय. बारशाला कुंची घालून पाळण्यात आधी कोन निजला व्हता? ह्योच ना? मग गाडीत बी आधी ह्योच बसंल." मॅट्रिक झालेली सून मी, मला लाज वाटली. पण वरवंटा पिशवीतच राहू दिला, कारण मनात मीही रोज मोरयाला हात जोडत होते, आणि असल्या दिवसांत कोणाला दुखवावं असं वाटत नाही, ना देवाला ना दगडाला.

दुकानात दोनच गाड्या. एक वेताची, हलकी, एका बाळाची. दुसरी लोखंडी सांगाड्याची, समोरासमोर दोन बैठका. मी दोघांच्या गाडीला हात लावला.

"ही न्हाई. ती वेताची घे," तुम्ही म्हणालात.

"अहो, मग थोरलीला कशात बसवू?"

"थोरली चालंल."

"आत्याबाई, ती धरल्याशिवाय उभीसुद्धा राहत नाही."

"आज न्हाई राहत. तू तिला गाडीत जागा करून ठेवलीस म्हंजी सगळ्यांनी ते धरूनच चालायचं. माजी न्हाई तयारी."

मी गाडी सोडली नाही. तुम्ही पिशवी सोडली नाही. दुकानदार सिंधी, हसतमुख, आपल्यामध्ये येऊन म्हणाला, "माताजी, बहू बरोबर बोलते. दोन पोरं, दोन सीट." तेवढ्यात तुम्ही वरवंटा काढला, तसा तो म्हणाला, "अरे बाप रे! गाडी घ्यायला आलात की पाट्याला टाकी लावायला?"

"तू गप रं," म्हणून तुम्ही तो एका बैठकीत ठेवला, गाडी हलवली, आणि ती त्या बाजूला कलंडली. वरवंटा पडता पडता मी धरला. दुकानदाराचं हसू गेलं. म्हणाला, दोघं बसली की नीट राहते, एकाला उतरवलं तर दुसऱ्यालाही उतरवायचं, एवढी एकच खोड आहे हिच्यात.

"ऐकलंस?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "बाळ बसलंय तंवर पोरीनं उतरायचं न्हाई. ही गाडी तिला चालूच देनार न्हाई."

वेताची घेतली तर थोरलीचा दवाखाना बुडतो, आणि ही घेतली तर तुम्ही म्हणता ते खरं होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती. तुमच्या कडेवरून थोरली म्हणते, "मी बसू?" तुम्ही तिला घट्ट धरता. मग तिला एका बैठकीत ठेवता, समोरच्या बैठकीत वरवंटा. गाडी सरळ राहते. पुढे ढकलता, मागे ओढता. सरळच.

"घे," तुम्ही म्हणालात. "पर ह्यो रोज संगं येनार. फाटक वलांडलं की पोरगी खाली आन् ह्यो तिच्या जागी."

दुसऱ्याच दिवशी फाटकापलीकडे तुम्ही गाडी थांबवलीत. थोरलीला उतरवून गाडीची दांडी तिच्या हातात दिलीत, बाळासमोर वरवंटा ठेवलात. तिचा पाय मुडपला, ती पडली, गुडघा खरचटला. मी वाकले तर म्हणालात, "हात लावू नगंस." ती रडतेय, बाळ रडतंय, शिफ्ट सुटलेली, सायकलवाले चाललेत. एकाने ओरडून विचारलं, "ओ आजी, दगड गाडीत आन् नात रस्त्यावर व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दगड दमलाय, बाबा. नात न्हाई दमली." त्या क्षणी मला तुमचा भयंकर संताप आला होता. थोरली पुन्हा उठली होती. दवाखान्याच्या पायरीपर्यंत धडपडत का होईना, ती दांडीला धरून आली.

पुढे तुम्ही तिला फाटकाच्या अलीकडे उतरवायला लागलात, मग वाटेतल्या वडाजवळ, मग आणखी अलीकडे. तुम्ही गेलात तेव्हा ती दांडी धरून चालत होती. दांडी सोडलेली तुम्ही पाहिली नाहीत. तुमच्या माघारी एका सकाळी ती आपल्या दारापासून पायी निघाली आणि वरवंटा दवाखान्यापर्यंत बसून गेला. मी वाटभर त्याच्याकडेच बघत होते. आता कॉलेजला जाते, बसने. एका चपलेचा तळ जाड करून घ्यावा लागतो, लंगडते, पण चतुर्थीला मोरयाच्या पायऱ्या माझ्या आधी चढते आणि वरून म्हणते, "आई, चल ना लवकर."

आज मी ओरडले तेव्हा ती स्वयंपाकघरातून आली. काही न विचारता दाराआडचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि गाडीत ठेवला. खालची बाई बघतच राहिली. मी तिला सांगितलं, एक लेकरू उतरलं की गाडी कलंडते, तेव्हा त्या जागी वजन ठेवायचं. बाकीचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "मग काकू, हा बी द्या की, गाडीसोबतचाच हाय ना?" मी पटकन म्हणाले, "नाही गं, तो मला लागतो." लेकीला अंगणातली वीट आणायला लावली, धुऊन फडक्यात गुंडाळून दिली. बाई खाली गेल्यावर लेक हसून म्हणाली, "आजीने वीट चालवून घेतली असती का गं?"

नसती, मला ठाऊक आहे. आणि गेल्या दिवाळीत घरात मिक्सर आलाय, आत्याबाई. वाटण त्यावरच होतं. वरवंटा मला लागत नाही.