मामकुळाची चौकशी

२ ऑक्टोबर

आप्पाचा फोटो पेपरात आला. पहिल्याच पानावर, टोपी घालून. लष्कराच्या गुप्त खात्याचा मुख्य झाला म्हणं. गुप्त हाय तर छापायचं कशाला, एवढं काय कुणी सांगीना!

सकाळपासून दारात माणसं. सरपंच शाल घेऊन आला. म्हणलं, भाऊ माझा दिल्लीला हाय, मला शाल घालून काय व्हतंय? शिताफळं तोडायचीत, सरक. पोरं माझ्यासंगं फोटो काढत व्हती. चहात अर्धा किलो साखर गेली.

आई गेली तवा आप्पा रांगत व्हता. माझी चौथी तिथंच सुटली. मीच वाढवला. मग सैनिकी शाळा, मग कॅप्टन, कर्नल, ब्रिगेडियर, जनरल. जसजसा वर चढला तसतसं बोलणं कमी. कॅप्टन व्हता तवा बर्फाच्या गोष्टी सांगायचा, कोण घसरलं, कुणाची दाढी गोठली. कर्नल झाला तवा नुसतं हवापाणी. आता 'जेवलीस का आक्का', झालं. आमचे वडील, आबा, रझाकाराच्या टायमाला कडब्याच्या गाडीतून निरोप न्यायचे, पोलिस ॲक्शन झाल्यावर बी कुणाचं नाव बोलले नाय. तेच रगत.

मला त्या खात्याचं काय करायचंय? माझ्या सांडूचं लग्न व्हवं. चौतीस पुरी झाली पोराला. बाग हाय, घर हाय, निर्व्यसनी हाय. पण वावरात काम करणाऱ्याला आजकाल कुणी पोरगी देईना. 'शिपाई असता तरी दिली असती' म्हणून एक जण तोंडावर बोलून गेला.

५ ऑक्टोबर, दसरा

आप्पाचा फोन. 'आता कुणाला काय बोलू नको आक्का.' म्हणलं, मला काय म्हाईत हाय बोलाया? हसला नाय.

८ ऑक्टोबर

स्थळ आलं! आपण होऊन आलं, घरी.

नाशिककडले. अनंतराव आन त्यांची बायको आशाबाई. साधी माणसं, चप्पल भाइर काढली, पाणी मागून घेतलं. पोरीचा फोटो आणला व्हता. प्रमोदिनी नाव. एमए झालेली, तरी म्हणं शेतकरीच पाह्यजे. सांडू फोटो घेऊन बागंत गेला तो येईचना. लिंबाखाली उभा राहून बघत व्हता येडं.

मामकुळाची चौकशी लई बारकाईनं केली त्यांनी. करणारच. आमच्यात सोयरीक म्हणलं की आधी पोराचा मामा कोण, हेच इचारत्यात. आन मामा असला म्हणल्यावर मी कशाला मागं सरू? सांगितलं सगळं. त्याची पोरगी पुण्यात कुठं ऱ्हाती, जावई काय करतो. आप्पाला साखरंचा त्रास हाय, पायाला मुंग्या येत्यात. भाऊबीजेला येतो तो इमानानं चिकलठाण्याला उतरतो. घरी येण्याआधी खुलताबादला भद्रा मारुतीला जातो. संगतीच्या शिपायाला खाली गाडीपाशी उभा करतो आन आत एकटा जातो, देवापुढं हत्यार नको म्हणून.

आशाबाई म्हणली, 'इतका मोठा माणूस आन इतका साधा!' मला बरं वाटलं.

गेल्यावर एक ध्यानात आलं. वावर किती, इचारलंच नाय त्यांनी. विहिरीला पाणी किती टिकतं, ते बी नाय. पोरगी देणारा बाप आन एकर इचारत नाय?

असंल. मामा बघून भुलले आसतील.

९ ऑक्टोबर

सांडूनं पोरीचा फोटो फेसबुकावर टाकला. वर स्वतःचा, मधी मामाचा. 'लवकरच' म्हणून लिवलं. खाली शिताफळाची जाहिरात आन फोन नंबर. म्हणलं, अजून टिळा नाय लागला, काढ ते. दुपारून काढला. तवर आख्ख्या दौलताबादनं बघितला.

११ ऑक्टोबर

पोरीनं स्वतःच सांडूला फोन केला. जाहिरातीखालचा नंबर पाहून केला म्हणली. आजकालच्या पोरी! आमच्या टायमाला नवऱ्याचं तोंड मांडवात दिसायचं.

मला तर ग्वाडच वाटला आवाज. 'आई, जेवलात का' म्हणली.

१४ ऑक्टोबर

सांडू रोज दाढी करतो. फोन कानाला लावूनच करंड्या भरतो. काल चांगल्या मालात एक सडकं फळ घातलं, गिऱ्हाइकानं आणून आपटलं. मी काय बोलले नाय. किती वर्सानं पोरगा गुणगुणतोय.

म्हणलं, एवढं काय बोलता रे? म्हणला, ती मामाचं लई इचारती. दिवाळीला येणार का, कोणत्या दिवशी, कोणती गाडी. म्हणलं, सांगितलंस? म्हणला, 'आई, तिला काय वाटंल न सांगितलं तर? संशय घेतोय म्हणंल.'

खरंच हाय.

१७ ऑक्टोबर

अनंतराव-आशाबाई परत आले. टिळ्याची तारीख धरायला. पुरणपोळी केली.

बोलता बोलता म्हणलं, देवक काय तुमचं? आमचं पंचपालवी. बाई म्हणली, 'आमचा जेजुरीचा खंडोबा.' म्हणलं, तो कुळदैवत झाला. देवक? तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणला, 'आमच्याकडं तेच चालतं.'

तेच चालतं? देवक म्हंजी झाडाचा पाला नाय तर पाखराचं पीस, मांडवात पुजायचं. दोन्हीकडचं एक आलं तर सोयरीकच मोडती. ज्याच्या घरात लग्नाची पोरगी हाय त्याला झोपेतून उठवून इचारलं तरी सांगंल. आन ह्यांना खंडोबा सुचला.

मी पोळी वाढली. तूप सांडलं. बाई म्हणली, राहू द्या, मी पुसते. पुसता पुसता इचारलं, 'भद्रा मारुतीला सकाळी जातात का सायंकाळी?'

म्हणलं, म्हाईत नाय.

१८ ऑक्टोबर

काय काय बोलून बसले मी! पुण्याचा पत्ता. मुंग्या. शिपाई खाली उभा ऱ्हातो ते.

सांडूला म्हणलं, ही माणसं आपल्यातली नायत. चिडला. 'तुला सून नकोच हाय. देवकावरून पोरगी नाकारायचे दिवस गेले.' जेवला नाय. बागंत जाऊन बसला.

आप्पाला सांगावं तर पोराचं मोडतं. नाय सांगावं तर भाऊ मारुतीसमोर एकटा हात जोडून उभा. मला तर डोळ्यापुढं त्याची पाठच दिसाया लागली.

१९ ऑक्टोबर

केला फोन. त्यानं अडीअडचणीला दिलेल्या नंबरावर. कुणीतरी हिंदीत 'रुकिए' म्हणलं, मग तो आला.

सगळं सांगितलं. कोण आले, काय इचारलं, मी काय बोलले, देवकाचं कसं फसलं.

मग म्हणला, 'उशीर केलास आक्का.'

म्हणलं, उशीर म्हंजी? झालं काय?

'झालं काय नाय. ती दोघं माझीच माणसं. ह्या जागेवर बसलेल्याच्या घरची चाचणी घ्यावी लागती. घरातून भाइर काय जातं ते बघाया.'

मला आधी कळंचना. मग कळलं तसं डोस्कं फिरलं. म्हणलं, चाचणी घ्यायची व्हती तर माझी घ्यायची. पोराच्या लग्नावर? दुसरं काय सुचलं नाय तुला?

'दुसऱ्या कशाला तू तोंड उघडलं नसतंस.'

ज्याला कडेवर घेऊन धुणं धुतलं, तो बोलला हे. अजून काय तरी इचारत व्हता. ऐकलं नाय. फोन बंद करून पिठाच्या डब्यात घातला.

२० ऑक्टोबर

सांडूला सांगितलं. लपवून काय उपेग? सगळं मामाचं नाटक व्हतं म्हणलं. लग्न नाय, टिळा नाय. पोरगी बी मामाची पगारीच.

करंडी भरत व्हता. भरतच ऱ्हायला. मग म्हणला, 'पगारी माणूस रोज माझ्या खोकल्याचं इचारतं का आई? गरम पाणी पी म्हणतं का?'

मी त्याच्या करंडीत फळं लावाया बसले.

२१ ऑक्टोबर

सकाळी सांडूनं इस्त्रीचा शर्ट घातला. पोरगी मुकुंदवाडीच्या टेसनावर येतीय म्हणं, त्याला एकट्याला बोलावलं. समदं समजून सांगते म्हणली. मी म्हणलं, जा. तोंडावर ऐकलं की सुटंल तरी. चांगली शिताफळं निवडून नेली तिच्यासाठी.

२१ तारीखच, दिवस मावळताना

डब्यातून फोन काढला. आप्पाचे लई फोन येऊन गेलेले. तेवढ्यात परत वाजला. माफी मागत आसंल म्हणून घेतला. म्हणलं, तुझ्या त्या पोरीला सांग, सांडूशी नीट बोल, मऊ हाय पोरगा.

'कोणती पोरगी?'

प्रमोदिनी. फोटोतली. रोज फोन करती ती. आज मुकुंदवाडीला बोलावलं त्याला.

आप्पा लई हळू म्हणला, 'आक्का, आमच्याकडं नुसता फोटो व्हता. पोरगी नाय. आम्ही सांडूला कुणाचाच फोन लावला नाय.'

मला फेसबुकावरचा तो फोटो आठवला, मधी मामा, खाली नंबर. सांडूचा फोन लागंना.