बाटलीवरची पट्टी

भोईवाडा, परळ
१२ मार्च १९५८

प्रिय शैला,

तू गिरगावात मामाकडे गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. दोन पत्रं लिहायला घेतली आणि फाडली. आधी काय सांगावं तेच कळत नाही, डोक्यात नुसता गुंता झालाय. घाबरू नकोस, बाबा शुद्धीवर आहेत. काल इस्पितळातून घरी आणलं. पेजेत मीठ कमी म्हणून कुरकुरले, म्हणजे माणूस ताळ्यावर आला म्हणायचा!

दोन वर्षांपूर्वीच्या गोळीबारापासून त्यांनी घेतलेली धास्ती तू बघितलीयस. मोर्चाच्या घोषणा नाक्यावर आल्या की हे दाराला कडी लावून थरथरत बसायचे. त्यात दोनदा कावीळ. डॉक्टरांनी धास्तीवर औषध दिलं तेव्हाच बजावलं होतं, यकृत थकलंय, औषध अंगातून लवकर निघत नाही, म्हणून इतरांच्या निम्मंच द्या. मोजायचं काम तुझं. बाटली दिव्यासमोर धरून कागदी पट्टीवरची एकच खाच उतरेल एवढं तू ओतायचीस, थेंब जास्त नाही.

आणि बाबा झोपायला लागले. मला बाई आनंदच झाला! दुपारी बारापर्यंत घोरत पडले तरी म्हटलं, दोन वर्षांची झोप साठलीय. पाचव्या दिवशी मलाच 'आये' म्हणून हाक मारली, तेव्हाही मी हसले. हसले गं मी. दुसऱ्या सकाळी उठेचनात. इस्पितळाच्या जिन्यात तू आपल्या हातांकडे बघत बसलेलीस, ते मी पाहिलं. संध्याकाळी पिशवी भरलीस आणि गेलीस.

इथे आता जो तो वैद्य झालाय. शेजारच्या गंगुबाई म्हणतात, ते औषध कायमचं सोडा, माझा काढा द्या. डॉक्टर म्हणतात, काढाबिढा काही नको. मध्ये त्यांनी औषध थांबवलं होतं, आता अगदी थोडं पुन्हा सुरू केलंय. आपल्या मनाने वाढवायचं नाही, बंदही करायचं नाही, आणि गुंगी किंवा भलतंसलतं बोलणं दिसलं की लगेच त्यांच्याकडे न्यायचं. ऐकायचं डॉक्टरांचंच, हे पटतंय. पण ओतायच्या आधी दहादा बाटली दिव्यासमोर धरते.

बाटली दाखवा असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, गडबडीत राहून गेलं. काल दाखवली. पट्टी बघून त्यांनी विचारलं, ह्या सहा खाचा कुठून आल्या, मी तर बारा सांगितल्या होत्या. म्हणजे दर वेळी दुप्पट औषध पोटात गेलं. शैला, दवाखान्याची बाटली परत करायची म्हणून औषध मीच बाबांच्या काविळीच्या वेळच्या बाटलीत ओतलं होतं. जुनी पट्टी तिच्यावर तशीच. तेवढ्याच मापाची बाटली, म्हटलं काय फरक पडतो! तू अगदी बरोबर मोजत होतीस गं, पट्टीच चुकीची होती. बाबांना मी कालच सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, आधी पोरीला कळव. म्हणून हे पत्र. बारा खाचांची नवी पट्टी डॉक्टरांसमोर चिकटवून आणलीय. उद्या दिवेलागणीच्या आत ये. दिवा मी धरते, मोजायचं तू.

तुझीच,
आई