गोवर गेल्यानंतरची झोप

तिवसा, चैत्र वद्य पंचमी, संध्याकाळ

नातीचा गोवर उतरला. परवा निंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य दाखवून गोवराच्या देवीची पाठवणी केली. मग आज पुन्हा ताप का? आणि ही झोप कसली? हाक मारली की डोळे उघडते, माझ्याकडे पाहते, पण ओळखत नाही. उभी केली तर एका अंगावर कलते.

घरची म्हणते, "देवीमाय जायच्या आधीच सुनेनं भाजीले फोडणी देल्ली. रुसून वापस आली ते. झोपू द्या लेकराले."

सून रडत म्हणाली, "मामाजी, अंगावर एकबी पुरळ नाही. मंग माय आली कुठं?"

बरोबर कोण? देवीचा कोप असला आणि दवाखान्यात नेली तर? नसला आणि नेलीच नाही तर? पुन्हा जाऊन ते डोळे पाहिले. तसेच.

मुलाला अमरावतीच्या दवाखान्यासाठी बैल जुंपायला सांगितलं. घरचीही निंबाचा डहाळा घेऊन गाडीत जाऊन बसली आहे. डॉक्टर विचारेल, काय झालं? गोवर म्हणावं तर तो गेला. त्याच्यासोबत गेलेली पोरगी अजून परत आली नाही, एवढंच सांगता येईल.